चौदशीची ऑडिशन

ताई,

काल तुमच्या उठावण्याला, म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या शोकसभेला, पाच जण बोलले. पहिल्यांनी तुम्हाला धर्मपरायण म्हटलं, दुसऱ्यांनी आदर्श गृहिणी. तिसरे आधी स्वतःच्या संस्थेच्या कार्याबद्दल बोलले आणि शेवटी आठवण झाल्यावर तुमच्याकडे वळले. चौथ्यांनी 'अत्यंत मितभाषी व्यक्तिमत्त्व' असं म्हटलं तेव्हा मला मान खाली घालून बसावं लागलं, कारण शोकसभेत हसलेलं बरं दिसत नाही. पाचवे उभे राहिले आणि माइक बंद पडला. त्यांचे ओठ बराच वेळ हलत होते. मला त्यांचंच भाषण सगळ्यांत प्रामाणिक वाटलं.

फोटोखाली 'सुश्राविका', म्हणजे धर्मनिष्ठ जैन स्त्री, असं छापलं होतं आणि हार एवढा मोठा की तुमची हनुवटी त्यात बुडाली होती. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तुम्ही विद्यापीठात अभिनय शिकायला गेलात, दोन वर्षं जालन्याहून रेल्वेनं ये-जा केलीत आणि नाट्यशास्त्राची एम.ए. पदवी घेतलीत, हे पाचांपैकी कुणालाही सांगण्यासारखं वाटलं नाही. मलाही कुणीतरी खुणेनं विचारलं, 'सर, दोन शब्द?' मी हातानंच नको म्हटलं. मला सांगायचं होतं ते दोन शब्दांत मावलं नसतं, आणि त्यात मी स्वतः फारसा चांगला दिसत नाही. पण सभा संपल्यावर जे झालं ते तुम्हाला कळवायलाच हवं, म्हणून लिहितोय.

तुमच्या वरच्या खोलीत मी भाडेकरू म्हणून आलो तेव्हा एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीत पाकिटांवरचा मजकूर तपासायचं काम करत होतो. दिवसभर 'उगवणशक्ती' हा शब्द वाचायचा आणि त्यात चूक नाही असं लिहून द्यायचं. खोली बघायला आलो तेव्हा तुमचे यजमान भाईसाहेब भाड्याचं बोलत होते आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातून माझी उलटतपासणी घेत होता.

"गाव कोणतं?"

"परतूर."

"परतूर? माझं पीहर, म्हंजे माहेर हाय ते! मंग भाभी-बिभी काही म्हणू नको. ताई म्हण."

सगळी गल्ली तुम्हाला भाभी म्हणायची. मी एकटा ताई म्हणायला लागलो. भाईसाहेबांना मात्र त्या हिशेबानं जिजाजी म्हणायचं धैर्य मला आजतागायत झालेलं नाही.

महिन्याभरात तुम्ही जिना चढून वर आलात. "तू रोज संध्याकाळी वर कोणाशी भांडून राह्यला?"

मी सांगितलं, भांडत नाही, ऑडिशनची तयारी करतोय. विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, तिथं प्रवेश घ्यायचा तर आधी तिघं जण समोर बसतात आणि आपण त्यांना अभिनय करून दाखवायचा.

"आणि ते काय करतात?"

"बघतात."

"बसून नुसते बघतात? आणि त्याचा पगार?"

"मिळतो."

तुम्ही खूप हसलात. दोन पायऱ्या उतरलात, थांबलात, आणि वळून न बघताच विचारलंत, "वयाची अट हाय का?"

भाईसाहेबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "नाटक शिकायला डिग्री लागते? मोंढ्यात ये एक दिवस, धान्याच्या बाजारात. सगळे बिनडिग्रीचे करून राह्यले." मग चहा संपवून म्हणाले, "बी.कॉम. झालेली हाय ती. जाऊ दे. जमेल तिला." तुमच्या घरात एवढी मोठी गोष्ट एवढ्या कमी वेळात ठरेल असं मला वाटलं नव्हतं. मी माझ्या वडिलांना हेच समजवायला दोन वर्षं घालवली होती.

मी तुमच्यासाठी एक स्वगत लिहिलं. आता कबूल करतो, भयंकर होतं. दोन पानांत आकाश तीनदा आलं होतं. दुसऱ्यांच्या डामडौलाची थट्टा करणाऱ्या माणसाच्या वहीत स्वतःचा डामडौल किती सुखानं नांदतो, याचा तो चांगला नमुना होता. तुम्ही ते कणीक भिजवताना, डाळ निवडताना, जिना झाडताना पाठ केलंत. एकदा खालून ओरडून विचारलंत, "अरे, क्षितिज म्हणताना तोंड कसं करायचं? मी जन्मात कोणाला म्हटलं न्हाई."

आणि मग तारीख बदलली. शनिवारची ऑडिशन पुढच्या मंगळवारी गेली. मी मोबाइलवरची सूचना तुम्हाला वाचून दाखवली. तुम्ही भिंतीवरच्या पंचांगाकडे गेलात आणि बोट एका चौकोनावर ठेवून उभ्या राहिलात.

चौदस. दर चौदशीला तुमचं मौन असायचं, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. एरवी तुमचा आवाज चार घरं ओलांडून जायचा, पण त्या दिवशी घरात भांड्यांखेरीज कशाचा आवाज नसे. एकदा मी त्यामागचं कारण विचारलं होतं. काहीतरी पुण्याबिण्याचं उत्तर येईल म्हणून मी तयारीत होतो. तुम्ही म्हणालात, "बाकीचे दिवस मी बोलते. त्यामुळं दुसरे काय बोलतात ते ऐकायलाच येत न्हाई."

मी म्हणालो, "ताई, अभिनयाची परीक्षा आहे. तिथं मुकं जाऊन कसं चालेल? एक दिवस बोललात तर काय होईल?"

"काही होणार न्हाई."

"मग?"

"म्हणून तर पाळायचं. काही होणार असतं तर कोणीबी पाळलं असतं."

या वाक्यावर मी तुमच्याशी पुढची दहा वर्षं वाद घातला. भीती नाही, फळ नाही, तर व्रताला अर्थ काय, असं मी म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, "तू पुस्तकं वाचतो ते फळासाठी का?" मी आणखी दोन पुस्तकं वाचून यायचो आणि पुन्हा सुरू करायचो. वाद अर्धाच राहिला. माझ्या बाजूला ग्रंथ बरेच आहेत, पण जिंकल्यासारखं मला एकदाही वाटलं नाही.

त्या मंगळवारी आपण सकाळच्या गाडीनं गेलो. तुम्ही बोलत नव्हता आणि मी रागानं बोलत नव्हतो. तुमचा प्रवेश हुकणार याचा राग तर होताच. पण माझं क्षितिज कुणाच्या कानावर पडणार नाही, याचाही थोडा होता.

विभागात आधी दीपप्रज्वलन झालं. प्रवेश मिळेल की नाही ठाऊक नसलेल्या पोरांसमोर समई लावण्यात काय औचित्य होतं ते समईलाच माहीत. मग एकेकाला आत बोलावायला लागले. प्रत्येकाला आधी स्वतःचा उतारा म्हणायचा होता आणि नंतर सगळ्यांना एकच प्रसंग: फोन येतो, बातमी कळते, पुढे काय ते करा. दाराबाहेर आम्हाला सगळं ऐकू येत होतं. 'काय? कधी? नाही! असं होऊच शकत नाही!' एकामागून एक सगळेच ओरडत होते. माझी पाळी आली तेव्हा मीही ओरडलो, आणि वर गुडघ्यांवर कोसळलो. बातमी काय होती ते मला स्वतःलाही ठरवता आलं नव्हतं. गुडघा आठवडाभर सुजलेला होता.

माझ्यानंतर तुम्ही आत गेलात. दोन मिनिटांत शिपाई बाहेर आला. "त्या बाईंसोबत कोण आहे? त्या बोलंनात."

मी आत गेलो. मधोमध दाढीवाले सर बसले होते, त्यांच्या उजवीकडे चष्म्याच्या बाई आणि डावीकडे एक तरुण प्राध्यापक. तुम्ही डोक्यावरचा पदर सारखा करून शांत उभ्या होता.

"यांना बोलता येत नाही का?" सरांनी मला विचारलं.

ताई, त्या क्षणाबद्दल मी तुमच्याशी कधीच बोललो नाही. मी त्या तिघांकडे पाहिलं. मी वाचतो ती पुस्तकं वाचलेली माणसं होती ती. त्यांनी मला आपल्यातला समजावं, एवढीच माझी इच्छा होती. आणि शेजारी तुम्ही, व्रत धरून आलेल्या. मी म्हणालो, "सर, त्यांचा घसा बसलाय. कालपासून."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्यात राग नव्हता. अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलंत. मग पुढे होऊन टेबलावरचं पेन उचललंत आणि स्वतःच्याच अर्जाच्या पाठीवर लिहून कागद सरांपुढे ठेवलात. सरांनी मोठ्यानं वाचलं: "घसा चांगला आहे. आज मौन आहे. सूर्यास्तानंतर बोलते."

मग दाढीवाले सर म्हणाले, "बाई, अभिनयाच्या परीक्षेला मौन धरून आलात?"

तुम्ही मान डोलावलीत.

"आम्ही पाचला उठतो. सूर्याचं आम्हाला सांगता येणार नाही."

तुम्ही पुन्हा मान डोलावलीत. तक्रार नव्हती. प्रवेश गेला, असं तुम्हीही धरून चालला होता असं मला वाटतं. पदराचं टोक तुम्ही मुठीत घट्ट धरलं होतं. ज्या गोष्टीसाठी पाच महिने तुम्ही जिना चढत-उतरत होता ती समोर होती, आणि एका शब्दानं हातात आली असती. तुम्ही तो शब्द उच्चारला नाहीत.

चष्म्याच्या बाई म्हणाल्या, "उतारा राहू द्या. फोनचा प्रसंग करा."

मला बाहेर जा म्हणायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून मी ते पाहिलं.

तुम्ही जमिनीवर बसलात. समोर परात आहे हे तुमच्या गुडघ्यांवरून कळलं. पीठ घट्ट होतं, पुऱ्यांचं. तुम्ही मळायला लागलात. फोन वाजला, तो आम्हाला ऐकू आला, कारण आधी तुमची मान वळली आणि मग हात थांबले. पिठाचे हात अंगापासून दूर धरून उठलात, दाराजवळ गेलात आणि रिसीव्हर दोन मनगटांत पकडून कानाला लावलात. मी खिशातून मोबाइल काढला होता, बाकीच्यांनीही तसंच केलं असणार. मी मनात म्हटलं, ताईंचा काळ चुकला.

मग तुम्ही ऐकलंत. एवढंच केलंत. पलीकडचं माणूस तुमच्यापेक्षा लहान होतं. ते रडत होतं, तुकड्यातुकड्यांनी सांगत होतं, आणि तुम्ही त्याला घाई करत नव्हता. एकदा तुम्ही मान हलवलीत. फोनवर मान दिसत नाही, हे तुमच्या लक्षात यायला क्षण गेला. मग आतल्या खोलीकडे पाहिलंत. तिथं माणसं जेवत होती, हसत होती. तुम्ही पायानं दार हळूच लोटलंत. रिसीव्हर ठेवून त्याला लागलेलं पीठ पदरानं पुसलंत. परत येऊन बसलात आणि राहिलेलं पीठ मळायला घेतलंत. मुठी सावकाश पडत होत्या, पण पडत होत्या. झाल्यावर त्यावर ओलं फडकं टाकलंत आणि त्याचे चारी कोपरे दाबून बसवलेत. शेवटी उठून दार उघडलंत आणि आत बघून हसलात, आणखी कुणाला काय हवंय असं विचारायला जावं तसं.

कुणीतरी गेलं होतं, आणि पंगत उठेपर्यंत घरात ते कुणाला कळणार नव्हतं.

मी तोपर्यंत अभिनयावर बरंच वाचलं होतं. समासात शेरे मारले होते. त्या तीन-चार मिनिटांनंतर त्यातलं एकही वाक्य मला आठवेना. माझं तोंड उघडं होतं, हे मला शिपायानं नंतर सांगितलं. दाढीवाले सर दाढीवरून हात फिरवत टेबलाकडे बघत बसले होते. चष्म्याच्या बाईंनी अगदी हळू विचारलं, "कोण गेलं होतं?"

तुम्ही खिडकीबाहेरच्या सूर्याकडे बोट दाखवलंत. तो अजून चांगला वर होता. बाई हसल्या आणि चष्मा काढून पुसत राहिल्या.

परतीच्या गाडीत सूर्य बुडाला. मला त्याच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. मी विचारणार तोच तुम्ही दिवसातलं पहिलं वाक्य बोललात.

"तू खोटं का बोलला?"

"तुम्हाला वाचवायला."

"मला?"

मी खिडकीबाहेर बघितलं. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाहीत. पर्समधून शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवलात, कारण सूर्यास्तानंतर तुम्ही खात नव्हता आणि मी सकाळपासून उपाशी होतो. ती चिक्की मी तशीच खिशात ठेवली. 'कोण गेलं' हे विचारायचा हक्क मी गमावला असं मला वाटलं, आणि ते कायमचं राहून गेलं.

खरं उत्तर असं आहे, ताई. मला तुमची लाज वाटली होती. तुम्ही तो कागद लिहिलात तेव्हा आणखी वाटली. आणि तुम्ही पीठ मळायला बसलात तेव्हा ती माझ्याकडे वळली, ती अजून तिथंच आहे.

यादी लागली. तुमचं नाव वरून दुसरं, माझं खालून पहिलं. पुढची दोन वर्षं तुमच्यासोबत शिकलो हे माझं नशीब. आवाजाच्या तासाला तुम्हाला बोलणी बसायची, 'क्षितिज' तुम्हाला शेवटपर्यंत जमलं नाही. नाटकात तुम्हाला दहा-बारा वाक्यांपेक्षा मोठी भूमिका कुणी दिली नाही. एका नाटकात तुम्ही अख्खा अंक मागे बसून तांदूळ निवडत होता, तर नायकाचं काम करणारा पोरगा तक्रार घेऊन आला, "काकू, तुम्ही जरा वाईट निवडा ना. लोक माझ्याकडं बघंनात." मी नंतर परतूरच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागलो आणि अभिनय सोडला. तुम्ही दर भेटीत विचारायचात, "का सोडलं?" मी पगार, घर, गुडघा अशी कारणं सांगायचो. तुम्ही ऐकून घ्यायचात. तुम्ही ऐकून घेतलंत की माझंच कारण मला पोकळ वाटायला लागायचं.

आता कालचं. सभा संपली, खुर्च्या उचलल्या गेल्या. भाईसाहेबांनी मला आत बोलावलं. पांढऱ्या कपड्यांत ते लहान दिसत होते. म्हणाले, "एक विचारू? ती ऑडिशनला गेल्ती त्या दिवशी आत काय केलं तिनं? मी लई वेळा विचारलं. म्हणायची, काही न्हाई, पीठ मळलं. तू होता ना तिथं?"

मी सगळं सांगितलं. घसा बसल्याचं खोटंही. तुमच्या चिठ्ठीवर ते खळखळून हसले. "अशीच हाय ती. मलाबी लोकांसमोर खोटं पाडायची." मग मी परात, फोन, दार सांगत गेलो तसं त्यांचं हसू थांबलं.

"फोन दाराजवळ होता म्हणतो?"

"हो. रिसीव्हरचा. पिठाचे हात होते म्हणून मनगटांत धरला."

"आणि दार पायानं लोटलं."

"हो."

ते गादीची शिवण बोटानं चाचपत राहिले. "आमचा फोन तिथंच होता तेव्हा. स्वयंपाकघराच्या दारात. माझ्या बहिणीची सगाई होती, आत पंगत बसली होती. तिची आई त्याच दिवशी गेली, परतूरला. तिच्या भावाचा फोन आल्ता. पण ती म्हणाली, पाहुणे गेल्यावर आला." शिवणीवरचं बोट थांबलं. "पाहुणे गेल्यावर आला म्हणाली. आणि मी त्या पंगतीत दोन वेळा कढी मागून घेतली. तिनंच वाढली."

म्हणजे ताई, तुम्हीही खोटं बोलला होतात. माझं खोटं एक दुपारही टिकलं नाही आणि त्यानं मी वाचणार होतो. तुमचं इतकी वर्षं टिकलं, आणि त्याचा सगळा भार तुम्ही एकट्यानं उचललात. ते तुम्ही आयुष्यात एकदाच उघड केलंत, तेही तीन अनोळखी माणसांपुढे, एक शब्द न बोलता. त्यांनी विचारलं कोण गेलं, आणि तुम्ही सूर्य दाखवलात. मी पुस्तकं वाचणारा माणूस आहे, कशापुढेही सहजासहजी हात जोडत नाही. काल त्या खोलीत माझे हात आपोआप जुळले होते.

भाईसाहेबांनी डोळे पुसले. म्हणाले, "तू सांगताना हातानं करून राह्यला होता. मळल्यासारखं. ते परत कर बरं."

"भाईसाहेब, मी सोडून दिलंय ते."

"कर म्हणतो ना."

मी खाली बसलो. गुडघे दुमडले, परात पुढ्यात ओढली आणि मळायला लागलो.

"तसं न्हाई," भाईसाहेब म्हणाले. ते पुढे सरकून बसले होते. "डाव्या हातानं काठ धरायची ती. आणि त्याच्याआधी बांगड्या वर सारायची, कोपरापर्यंत."

मी हात थांबवले. बांगड्या वर सारल्या, कोपरापर्यंत, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.